पहिलं गिऱ्हाईक

बेगमपुऱ्यात कुणी नवं दुकान टाकलं की सांगावा आधी फारूखभाईला जायचा, मग भटजीला नायतर मौलवीला. दुकान कुणाचंबी असो, बोहनी फारूखभाईच्या हातची लागायची. पहिला माल त्यानं घ्यायचा, पहिली नोट त्यानं गल्ल्यात टाकायची, की दुकान चाललंच समजा. कलकत्त्याला फुटबॉल खेळून आलेला माणूस. ज्याच्या पायाशी पैसा लोळला त्याच्या हाताला बरकत नसंल तर कुणाच्या असंल, असं लोकं म्हणायचे.

त्याच्या बायकोला, रईसाला, ह्या बरकतीचं आतलं माहीत होतं. ती पहिली नोट दुकानदाराचीच असायची.

दुकानदार सकाळीच येऊन नोटा हातात दाबून जायचा. मग फारूखभाई दाढी करायचा, क्लबचा बिल्ला लावलेला निळा कोट घालायचा आणि दुखरा गुडघा चालीच्या ऐटीत लपवत निघायचा. चारचौघांत भाव करायचा, दोनदा नको म्हणायचा, मग घ्यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, हा घेतोय म्हंजे माल खरा. दोन दिवसांनी माल मागच्या बोळातनं परत जायचा, आणि बदल्यात घरी अर्धं पोतं गहू यायचा, नायतर तेलाचा डबा. त्यावर घर चालायचं. खरं म्हंजे घर रईसाच्या शिलाई मशीनवर चालायचं. बोहनीचं नुसतं तोंडी लावणं.

पोलिस ॲक्शन झाली तेव्हा फारूख शेंबडं पोर होता. बाप निजामाच्या पोलिसात जमादार. राज्य गेलं, नोकरी गेली, आणि बाप दारात खाट टाकून बसला तो मरेपर्यंत बसूनच राहिला. पोरगं आमखास मैदानावर वाढलं. अनवाणी खेळायचा. डाव्या अंगानं असा पळायचा की अडवायला आलेला गडी मागं वळून बघायचा, हा गेला कुठनं म्हणून. आधी हैदराबादच्या लोकांनी उचलला, तिथनं कलकत्त्याच्या मोठ्या क्लबानं. मिशी फुटायची होती अजून नीट.

पैसा आला, लई आला. हंगाम संपला की क्लबचा माणूस वर्तमानपत्रात गुंडाळून रोकडा द्यायचा. फारूख तो घेऊन गावी यायचा आणि तो आला की बेगमपुऱ्यात ईद. दोन बहिणींची लग्नं त्यानं केली. मशिदीची फरशी केली. गल्लीतल्या हिंदूंच्या पोरींच्या लग्नातबी भांडी त्याचीच. कुणी हात पुढं केला आणि रिकामा गेला असं झालं नाय. मागं काय ठेवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नाय. सांगितलं एकानं. बद्रीनाथ म्हणून जालन्याचा गोलकीपर होता, त्याच्याच टीमात. रेल्वेनं दोघांनाबी बोलावलं होतं, खेळाच्या कोट्यातनं कायमची नोकरी. बद्रीनाथ म्हणाला, बाबा, बॉल गोल असतो, कुठंबी घरंगळतो. पगार चौकोनी असतो, घरात नीट बसतो. फारूखला हसू आवरंना. क्लबात जे एका हंगामात मिळतं ते रेल्वेत कधी मिळायचं, आणि कारकुनासारखं डबा घेऊन जायचं का आपण? बद्रीनाथ गेला. आज त्याला क्वार्टर हाय, पेन्शन हाय.

फारूखचा गुडघा गेला. सुई टोचून खेळवलं, परत सुई, परत खेळ. मग एका हंगामाच्या तोंडाला क्लबचा माणूस आलाच नाय. बस. कुणी काढलं नाय, कुणी कागद दिला नाय. माणूस आला नाय एवढंच.

तो घरी आला तेव्हा टांग्यातनं एक पेटी उतरवायला दोघं लागले. पेटीत बूट होते, त्याचे फोटो आलेले पेपर होते आणि एक मोठा कप होता. गल्लीनं बघितली फक्त जड पेटी.

वर्षभर तो घरातनं फारसा निघालाच नाय. मग लहानपणचा दोस्त कय्युम एक दिवस आला. त्यानं सायकलचं दुकान टाकलं होतं आणि पहिली सायकल फारूखनं घ्यावी अशी त्याची इच्छा होती. फारूख खाली बघायला लागला तसं कय्युमला समजलं. त्यानं स्वतःच खिशातनं नोटा काढून त्याच्या मुठीत कोंबल्या. म्हणाला, तू फक्त सगळ्यांसमोर घे, सायकल उद्या आणून दे. झालं. कय्युमचं दुकान असं चाललं की वर्षात बाजूचा गाळाबी घेतला. मग काय, साडीवाला आला, भांडीवाला आला, घड्याळवाला आला.

रईसानं सुरुवातीलाच त्याला म्हटलं होतं की हे सोडा, लोकांना सांगून टाका, आमच्याकडं काय उरलं नाय म्हणून. तेव्हा तो गुडघा चोळायला लागला होता. मग म्हणाला, "रईसा, लोकं मला बघतात तेव्हा पैसा बघतात. तो काढून घेतला तर राहतं काय? लंगडा."

त्या दिवसापासनं तिनं त्याच्याबरोबर झाकायला सुरुवात केली.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कप, फोटो, सोफा. सोफाबी एका बोहनीतला, दुकानदार मेला आणि परत न्यायला कुणी आलं नाय म्हणून राहिलेला. मधे जाड हिरवा पडदा. पडद्याच्या आत बाहेरचं कुणी कधी गेलं नाय. पडदा पाळणारे खानदानी लोकं म्हणून गल्लीनं त्याचाबी मान ठेवला. आत एक स्टो, चार भांडी, पिठाचा डबा, मशीन आणि खाली अंथरलेलं फ्रीजचं खोकं. ते खोकं औरंगपुऱ्यातल्या फ्रीजवाल्याच्या बोहनीचं. हातगाड्यावर ते आलं तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. उचलणारे चौघं वाकले होते. फ्रीज नव्हताच आत, विटा होत्या. विटा न्हाणीत लावल्या, खोकं उलगडून खाली टाकलं. हिवाळ्यात फरशीचा गारवा लागत नाय. दोघं त्याच्यावर झोपायचे.

रईसा लोकांचे ब्लाऊज शिवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, वेळ जात नाय.

असं चाललं होतं, आणि चाललंबी असतं. शहराला तेव्हा कारखान्याची हवा लागली होती. जो तो जमिनीचं बोलायचा. कालपर्यंत जिथं बाभळी होत्या तिथं चुन्याची फक्की मारून प्लॉट पाडायचे आणि बाँडपेपरवर विकायचे. अशाच दिवसांत आप्पासाहेब आले. क्रांती चौकात ऑफिस, पांढरी जीप, घराणं जुनं जमीनदाराचं. सोफ्यावर बसले, चहा घेतला, कपाकडं बघून मान डोलावली. रईसा पडद्याआड होती.

आप्पासाहेब म्हणाले की चिकलठाण्याच्या पुढं त्यांची जमीन हाय, तिचे प्लॉट पाडलेत, बोहनी फारूखशेटनं करायची. पैसे नेहमीसारखे. आणि मग म्हणाले, "पण ह्या टायमाला माल परत द्यायचा नाय, शेट. तो प्लॉट तुमचा. मपल्याकडनं भेट."

इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. पडद्याच्या फटीतनं रईसानं नवऱ्याचं तोंड बघितलं. कलकत्त्याहून आल्यापासून ते तोंड असं झालेलं तिनं बघितलं नव्हतं.

मांडव घातला त्या दिवशी गल्लीतनं दोन टेम्पो भरून लोकं गेले. एक बायकांचा. माळरानावर पांढऱ्या फक्कीनं चौकोन मारले होते, कोपऱ्याकोपऱ्याला खुंट्या. फारूख खाली उतरला आणि त्या पांढऱ्या रेघांकडं बघत उभा राहिला. मग आप्पासाहेबांनी त्याच्यापुढं नवा कोरा बॉल ठेवला. बॉल जिथं पडंल तो प्लॉट फारूखशेटचा, असं माईकवर सांगितलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. फारूखनं कोट काढला, कय्युमच्या हातात दिला, दोन पावलं मागं गेला आणि मारला. दुखऱ्या पायावर उभं राहून चांगल्या पायानं मारला. रईसाला ते लांबनं कळलं, कारण मारून झाल्यावर तो हलला नाय, तिथंच हसत उभा राहिला, कळ जाईपर्यंत. बॉल रस्त्याकडच्या कोपऱ्यात पडला. त्यानं खिशातनं नोटांचं बंडल काढलं आणि आप्पासाहेबांच्या हातावर ठेवलं. टाळ्यांनी मांडव हलला. कारभारी दूधवाला, सांडू रिक्षावाला, कितीतरी लोकं टेबलाकडं पळाले, आधी मपलं नाव लिवा म्हणून.

त्या गर्दीतनं बाजूला येऊन रईसा एका दगडावर बसली होती. तिथं एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती, जवळच्याच गावची. ती खुंट्यांकडं बघत होती. रईसाला म्हणाली, "माय, हे काय करायलेत इथं? हे तर गायरान हाय. गावाची ढोरं चरत्यात. गायरान कुणी इकतं व्हय?"

आप्पासाहेबांचा एक माणूस आला. म्हातारीला प्रेमानं चहा पाजतो म्हणून घेऊन गेला. शेळ्याबी हाकलल्या.

घरी आल्यावर रईसानं नवऱ्याला सांगितलं. तो गुडघ्याला गरम फडकं लावत बसला होता. म्हणाला, म्हातारीला काय कळतंय, एवढं मोठं घराणं खोटं करंल व्हय. रईसा म्हणाली, उद्या लोकं बुडाले तर तोंड कुणाचं दिसंल? आप्पासाहेबांचं नाय, तुमचं. तसा तो चिडला. "आयुष्यात पहिल्यांदा जमिनीचा तुकडा मिळालाय मला. तोबी तुझ्या डोळ्यांत खुपायला लागला?" असं म्हणून भिंतीकडं तोंड करून झोपला.

रईसाला सगळ्या गल्लीची काळजी होती, पण जीव टांगला होता एकीत. समोरच्या खोलीत वच्छलाबाई राहायची. भाड्यानं, लोकांची भांडी घासून. नवरा रामकिसन गिरणीत होता, तो मेल्यावर फंडाचे पैसे आले होते, आणि जगात तिचं म्हणावं असं तेवढंच. दीर डोळा ठेवून होता. भाऊ म्हणत होता माझ्याकडं ठेव. तिनं दोघांना दाद दिली नाय. तिला एक खोली पायजे होती, जिच्यातनं ऊठ म्हणणारं कुणी नसंल. नळावर रोज दोघींचं बोलणं व्हायचं. रईसाच्या तापात भाकरी वच्छलाबाईनं आणून दिलेली, दारातनं. पडद्याच्या आत तीबी कधी आली नव्हती.

ती एका दुपारी आली. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर न बसता खालीच बसली, नेहमीसारखी. लाजत लाजत म्हणाली की उद्या आप्पासाहेबाच्या ऑफिसात जायचंय, तुमच्या प्लॉटाला लागून एक शिल्लक हाय म्हणं, भाबी, आपण परत शेजारी.

रईसानं हातातला सुई-दोरा खाली ठेवला. "बाई, तुमी तिथं पैसा नका घालू."

"कामून?"

"ते गायरान हाय. गावातली बाई बोलली मला."

"भाबी, तसं असतं तर तुमी घेतला असता का?"

"आमी नाय घेतला. पैसा आप्पासाहेबाचाच होता. आमच्याकडं पैसा हैच नै, बाई. कधीचाच नै. सगळ्या बोहनीचं असंच हाय."

वच्छलाबाई हसली. "घ्या. तुमच्याकडं नाय आन आमच्याकडं हाय. गरिबाची टिंगल करायलेत व्हय?"

"अल्लाकसम."

हसू हळूहळू विरलं. वच्छलाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं, कपाकडं बघितलं, सोफ्याकडं बघितलं. मग एकदम थंड आवाजात म्हणाली, "सरळ सांगा ना भाबी. भांडी घासणाऱ्या बाईची खोली तुमच्या बंगल्याला लागून नको. इथं शेजार चालतो, तिथं नाय चालत. मोठ्या लोकाची रीतच हाय ती, आपुन चढलं की शिडी वढून घ्यायची."

रईसा उठली. पडद्यापर्यंत गेली. हात पडद्याला लागलाबी. तिनं तो नुसता बाजूला सारायचा होता. आत फ्रीजच्या खोक्यावर फारूखभाई झोपला होता, पाठीला भोकं पडलेलं बनियन, गुडघ्याला चिंधी, तोंड उघडं. उशाला त्याच्या विटेवर कापड. वच्छलाबाईला एक नजर पुरली असती.

तिचा हात तसाच राहिला. तिला वाटलं, हा उघडा माणूस दाखवायचा? हा मला कधी माफ करणार नाय. आणि तेवढंच नव्हतं. तिला स्वतःलाबी दाखवायचं नव्हतं. ह्या गल्लीत तिला सगळ्या बायका भाबी म्हणायच्या, नळावर तिचा हंडा पुढं घ्यायच्या. ते कशाच्या जोरावर हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"तसं नाय, बाई," ती म्हणाली. "मी आपलं सांगितलं."

वच्छलाबाई पदर खोचून गेली. दुसऱ्या दिवशी ती क्रांती चौकात जाऊन पैसे भरून आली आणि नळावर रईसाशी बोलली नाय.

पावसाळा गेला. दिवाळीच्या मागंपुढं सरकारी माणसं गाड्या घेऊन माळावर आली, खुंट्या उपटल्या आणि गायरानाचा बोर्ड लावला. कारभारी दूध घालायला त्या अंगाला जायचा, त्यानं बोर्ड बघितला. गल्लीतले लोकं क्रांती चौकात गेले. पहिले दोन दिवस आप्पासाहेब भेटले. म्हणाले, कोर्टात जाऊ, वर ओळख हाय. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मला काय विचारता, तुमच्या फारूखशेटला विचारा, धंद्यात ते बरोबरीचे भागीदार, पहिलं बंडल त्यांनीच नाय का ठेवलं तुमच्यासमोर? त्यानंतर ऑफिसला कुलूप.

लोकं दारात आले तेव्हा फारूखभाई कोट घालूनच बसला होता. त्याला वाटलं असंल, कोटात बोललं की लोकं ऐकतात. सुरुवातीला कुणी आवाज चढवला नाय. सांडू रिक्षावाला म्हणाला, भाई, तुमचं तर बुडालं तरी तुमाला काय फरक पडत नाय, आमचं तेवढं तुमी भरून काढा, मागनं आप्पासाहेबाकडनं तुमी बघून घ्या.

फारूखभाईनं तोंड उघडलं. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. पेटीत काय होतं ते, बोहनीचं, नोटा कुणाच्या, माल कुठं जायचा. हळू आवाजात, एकामागं एक. रईसा पडद्याआड उभी राहून ऐकत होती आणि तिला वाटलं, झालं, सुटलो.

लोकं एकमेकांकडं बघायला लागले. कारभारी म्हणाला, "वा भाई. पैसा काढायची येळ आली तर लगेच फकीर?"

"कय्युमला विचारा," फारूखभाई म्हणाला. "पहिली बोहनी त्याची. कय्युम, सांग बाबा."

कय्युम मागं दाराला टेकून उभा होता. त्याचाबी प्लॉट होता तिथं. पण बाजारात त्याची दोन दुकानं होती, आणि ती ह्या हाताच्या बरकतीवर चालली असं पन्नास ठिकाणी त्यानंच सांगितलेलं. आता सगळ्यांसमोर काय म्हणणार, की मीच नोटा दिल्या, मीच तुमाला उल्लू बनवलं? तो फारूखकडं न बघता म्हणाला, "मेरेकू नक्को पूछो भाई. मला तर सायकलचा रोकडा मिळाला होता."

फारूखभाईचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

तेव्हा रईसानं पडदा ओढला. असा ओढला की दांडीसकट खाली आला. "आओ," ती म्हणाली. "बघा."

लोकं आत आले. आधी दोघं, मग सगळे. खोली भरली. त्यांनी स्टो बघितला, चार भांडी बघितली, न्हाणीतल्या विटा बघितल्या, पिठाचा डबा उघडून बघितला. रईसाला वाटलं, पटलं. मग कारभारीनं पायानं खाली अंथरलेलं खोकं उलटवलं. त्याच्यावर छापलेलं होतं, फ्रीजचं चित्र.

"खोकं इथं हाय," तो म्हणाला. "फ्रीज कुठंय?"

"घड्याळ? तो मोठा रेडिओ? मी सोता बघितला आत नेताना," मागनं कुणीतरी.

"हलवलं. आधीच हलवलं सगळं. आप्पासाहेबाचं कुलूप आन ह्यांचं सामान, एकाच दिवशी."

मग कुणाला थांबवता आलं नाय. फारसं मारलंबी नाय कुणी, सांडूनं कोटाची कॉलर धरली तेवढीच, बिल्ला तुटला. पण फरशी दोन ठिकाणी उचकटली. कप नेला. सोफा नेला. कारभारीनं शिलाई मशीन उचललं आणि म्हणाला, हे मपल्या पैशात धरा. रईसा मशीनच्या आडवी पडली नाय. तिला वाटलं, घेऊन जाऊ दे, ह्याच्याबद्दल बोलायचं तोंड नाय आपल्याला.

सगळे गेल्यावर वच्छलाबाई राहिली. ती कुणाच्या अध्यात मध्यात नव्हती. पिठाच्या डब्याशी उकिडवी बसली होती. तिनं डब्यात हात घातला, तळाला लागला, काढला. हाताला लागलेलं पीठ परत डब्यात झटकलं. गरिबाच्या घरात काय असतं आणि काय लपवलेलं असतं, हे तिला शिकवायची गरज नव्हती.

"खरं बोलत होत्या तुमी," ती म्हणाली.

रईसा रडायला लागली.

"मंग तवाच का नाय दाखिवलं? तोंडानं तर सगळेच म्हणतात, आमच्याकडं काय नाय म्हणून." ती उठली. "एवढा पडदा तवा सारला असता तर मपली खोली झाली असती, भाबी. इथं नाय तर दुसरीकडं."

घरभाडं थकलं तसं घरमालकानं वच्छलाबाईला उठवलं. भावानं दारात घेतलं नाय, तेव्हा पैसा माझ्याकडं का दिला नायस म्हणून. फर्दापूरला लेण्या बघायला येणाऱ्या लोकांसाठी एक खानावळ होती, तिथं भाकरी थापायला आणि भांडी घासायला ती गेली. रात्री खानावळीच्याच ओट्यावर झोपायची म्हणं. जाताना रईसानं तिला सांगितलं की थोडं थोडं करून तुमचे पैसे मी देईन. वच्छलाबाई म्हणाली, द्या न द्या.

पण रईसानं ते धरून ठेवलं. बोहनी बंद झाली होती, मशीन गेलं होतं. ती स्वतः चिकलठाण्याला ठेकेदाराकडं गेली, हातापाया पडली आणि नवऱ्याला एका कारखान्याच्या गेटावर वॉचमन म्हणून लावला. फारूखभाई पहिले दोन दिवस गेला नाय. तिसऱ्या दिवशी खाकी घालून गेला. दोघांचं ठरलं होतं, पहिला पगार उचलला की जसाच्या तसा फर्दापूरला. घरात कसंबी भागवू. त्यानं मान हलवली होती.

पगाराच्या दिवशी रईसा शिफ्ट सुटायच्या आधीच गेटापाशी येऊन उभी राहिली. तिथनंच स्टँडवर जायचं, फर्दापूरची एसटी धरायची. भोंगा झाला, कामगार निघाले. ती बुरख्यात गर्दीच्या कडेला होती, फारूखभाईला दिसली नसावी.

गेटापाशी एक मिशीवाला कामगार त्याच्याशी बोलत होता. बीडकडचा असावा बोलण्यावरनं. बायकोला दवाखान्यात ठेवलंय म्हणत होता, उचल मिळत नाय म्हणत होता. आणि म्हणत होता, "शेट, तुमची गोष्ट सगळ्या कारखान्याला माहीत हाय. कलकत्त्याचा पैसा. तुमी हितं उगं लोकाच्या नजरेतनं सुटायला खाकी घालून बसलेत, आमाला कळतंय. तुमाला एवढं म्हंजे काय?"

रईसाला वाटलं, आता हा सांगंल. बेगमपुऱ्यात सांगितलं तसं.

फारूखभाई गालात हसला. पाठ सरळ झाली. दुखरा पाय पुढं होता, तो त्यानं मागं घेतला आणि दोन्ही पायांवर सारखा उभा राहिला. खाकी शर्टाच्या खिशातनं पगाराचं पाकीट काढलं, उघडलंबी नाय, तसंच त्या माणसाच्या हातावर ठेवलं. "घे," म्हणाला. "परत द्यायची घाई नको करू."

चार-पाच जणं बघत थांबले होते.

रईसा गर्दीतनं गेली. तिनं त्या माणसाच्या हातातनं पाकीट ओढून घेतलं. त्याला कळायच्या आत.

"हे पैसे एका बाईचे हायेत," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ह्याच्याकडं काय नाय. कधी नव्हतं. हा वॉचमन हाय."

फारूखभाई तिच्याकडं बघत होता. चिडलेला नव्हता. मैदानात बॉल पायातनं काढून नेल्यावर उभा राहावा तसा नुसता उभा होता. मिशीवाला दोन पावलं मागं सरला, वहिनी राहू द्या, राहू द्या, म्हणाला. ती वळून चालायला लागली तेव्हा पाठीमागं त्याचं बोलणं तिला ऐकू आलं.

"बघितलं का? एवढा पैसा असून बाई कशी चिक्कट हाय."

"मंग," दुसरा म्हणाला, "तिच्यामुळंच टिकलाय त्यो पैसा."

फर्दापूरची एसटी भरलेली होती. तिला मागं चाकावरची जागा मिळाली. कंडक्टर आला तेव्हा तिनं पिशवी चाचपली, मग दुसऱ्यांदा चाचपली. मग पाकीट फोडलं आणि तिकिटासाठी त्यातलीच एक नोट मोडली.